नेवाशात मिळतं म्हणे

शेवगावात एखादी वस्तू कुठे मिळेल, हे विचारायची वाट ठरलेली आहे. आधी क्रांती चौकात विचारायचं. तिथे ‘नगरला बघा’ म्हणतात. नगरचा दुकानदार ‘पुण्याला बघा’ म्हणतो. आणि पुण्यालाही नसली, तर पुन्हा क्रांती चौकातच कुणीतरी चहाचा कप हातात देतो आणि तुम्हाला ती वस्तू लागतच नाही, हे पटवून देतो. मळणीयंत्राचं बेअरिंग, मूळव्याधीचं औषध, धाकट्या भावासाठी मुलगी हे सगळं मी आजवर याच वाटेने मिळवलं आहे. (मुलगी शेवटी पाथर्डी रोडलाच मिळाली, पण त्यासाठी पुण्यापर्यंत जाऊन यावं लागलं.)

या फेब्रुवारीत ही वाट पहिल्यांदा बंद पडली.

सहावीतली आमची चिऊ शाळा सुटल्यावर तडक माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आली, गल्ल्याशेजारचा मोबाईल उचलला आणि थोड्या वेळाने तो माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, “पप्पा, मला हे पाहिजे.” पडद्यावर एक लांबडा, मऊ, अंगात हाड नसल्यासारखा प्राणी सोफ्यावर आडव्यातिडव्या उड्या मारत होता. धड मुंगसाचं, चेहरा मांजराच्या पिल्लाचा आणि डोळ्यांवर काळा पट्टा. जुन्या सिनेमातला दरोडेखोर बाळंतपणाला माहेरी आल्यावर जसा दिसेल, तसा.

“फेरेट म्हणतात याला. आता हे आनंदात आहे म्हणून नाचतंय.”

“आणि रागावल्यावर?”

“तेव्हापण नाचतं.”

दुकानातला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. त्यात ‘मुंगसासारखा एक प्राणी’ असं लिहिलं होतं. शब्दकोशकारांना काही सुचलं नाही की ते असंच करतात. खरं म्हणजे फेरेट मुंगसाचं कुणीच लागत नाही. मुंगूस हे मांजर आणि तरस यांच्या भावकीतलं. फेरेटचं गोत्र पाणमांजराचं. पण ‘पाणमांजरासारखा, पाण्यात न राहणारा प्राणी’ असं सांगून चौकात काही विचारता येत नाही, म्हणून मी इंग्रजी शब्दच घेऊन बाहेर पडलो. तिथेच घोटाळा झाला.

जिनिंगमध्ये कामाला असणारा माझा वर्गमित्र चौकात उभा होता. त्याला म्हटलं, “फेरेट कुठं मिळंल रे?”

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “फेअर रेट? शेवगावात? येडा झाला का? कापूस घरात ठिवून ठिवून लोकांच्या अंगाला खाज सुटली, तरी फेअर रेट घावंना. तू वह्या विकणारा माणूस, तुला कशाला पाहिजे फेअर रेट?”

शेजारी एक पटकेवाले आजोबा होते. ते म्हणाले, “तलाठ्याकडं जा. तो देतो. पर आधी नोटीस काढावी लागती.” त्यांना फेरफार ऐकू आला होता. सातबाऱ्यावर नाव लावायला ते तीन वर्षं हिंडत होते, आणि पुढची 20 मिनिटं ती तीन वर्षं त्यांनी मला तारीखवार सांगितली. मी निघालो तेव्हा माझ्याही जमिनीचा फेरफार राहिला असावा, अशी मला शंका यायला लागली होती.

घरी रात्री बैठक बसली. आमच्या घरात कोणताही ठराव आईच्या सहीशिवाय पुढे जात नाही. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली आणि कान सोयीप्रमाणे चालणारे. तिने प्रश्न विचारला, “खातं काय?”

चिऊने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पांडुरंगाकडे.

फेरेट मांस खातं. फक्त मांस. कुत्रं तुमच्याबरोबर भाकरी खाऊन दिवस काढतं, मांजर दूधभातावर भागवतं. हे तसलं समजूतदार जनावर नाही. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, की पुन्हा भूक. म्हणजे दिवसातून पाच-सहा पंगती आणि प्रत्येक पंगत सामिष.

“एकादशीला साबुदाणा खाईल का?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग निदान चतुर्थीला तरी?”

इथे विषय संपायला हवा होता. पण आईचा जन्म पैठणच्या पंचक्रोशीतला. काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न वाहता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे नाथमहाराज तिचे नातलग असल्यासारखे घरात वावरतात. नाथांच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहून प्राण्याला नाही म्हणायची सोय नाही, असं तिचं मत पडलं. “आणा. पण त्याचं खाणं मागच्या दारी,” असा ठराव झाला. माझ्या बायकोने ठरावाला विरोध केला नाही. ती फक्त म्हणाली, “त्याचं कोण काढणार, ते आधी ठरवा,” आणि भांडी घासायला गेली. हिचा हा शांतपणा मला गेली 17 वर्षं महाग पडत आला आहे.

आता प्रश्न एकच उरला. आणायचं कुठून?

फाल्गुनात आमच्याकडे मढीची यात्रा भरते. कानिफनाथांच्या गडाखाली रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार असतो. लांबलांबून गाढवं येतात, त्यांचे दात बघून वय ठरतं आणि सौदे होतात. दुसऱ्याच दिवशी पैठणला नाथषष्ठी. आई पैठणला गेली, मी मढीला. चार पायांची जी काही विक्री पंचक्रोशीत होते तिथली माणसं आपल्याला वाट दाखवतील, असा माझा हिशेब होता. घोडेगावच्या म्हशींच्या बाजाराचाही विचार केला होता, पण म्हशींच्या गर्दीत किलोभराच्या प्राण्याची चौकशी करायचा धीर झाला नाही.

मढीला एका पोक्त व्यापाऱ्याला मोबाईलवर फेरेट दाखवलं. त्याने मोबाईल लांब धरून, मग जवळ धरून पाहिलं.

“दात दाखवा.”

“व्हिडिओत दिसत नाहीत.”

“काम काय करतंय?”

मी याच प्रश्नाची तयारी करून गेलो होतो. म्हटलं, हे काही आजचं जनावर नाही. माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच हे पाळायला घेतलं. स्ट्रॅबो नावाच्या जुन्या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधल्या सशांबद्दल लिहून ठेवलंय. ससे इतके माजले होते, की लोक आफ्रिकेतून आणलेला एक प्राणी तोंडाला मुसकं बांधून त्यांच्या बिळात सोडायचे. तो फेरेटच असणार, असं जाणकार मानतात. एका बाजूने फेरेट आत गेलं, की दुसऱ्या बाजूने ससा बाहेर.

व्यापारी शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “आपला ससा बिळात ऱ्हातो का?”

मला माहीत नव्हतं. आपला ससा बिळात राहत नाही. तो गवतात, झुडपाखाली बसतो. बीळ करून राहणारा तो युरोपातला ससा.

“आन् समजा ऱ्हाहिला,” तो म्हणाला, “तरी हे ससा बाहेर काढंल, आन् मग फॉरेस्टवाले आपल्याला बाहेर काढतील. वझं वाहतंय? नाही. दूध? नाही. राखण?”

“दिवसातले 14 ते 18 तास झोपतं,” मी खालच्या आवाजात म्हटलं.

“म्हंजी आमच्या थोरल्यासारखं,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायला लागला.

परत येताना एसटीत मला वाईट वाटत होतं. झोपण्याबद्दल एवढं काय? आमच्याच तालुक्यात आव्हाण्याला गणपती झोपलेला आहे. निद्रिस्त गणपती म्हणून लांबून लोक दर्शनाला येतात. पण मग लक्षात आलं, की फेरेट उंदीर खातं. हा मुद्दा आईच्या कानावर जाऊ न देणंच बरं होतं.

मढी झाली, आता मुंबई. शहरात असले प्राणी दुकानांत मिळतात, क्रॉफर्ड मार्केटमध्ये तर पोपटापासून माशापर्यंत सगळं मिळतं, असं पुण्याच्या भाच्याने सांगितलं आणि मोबाईलवर एकाचा नंबर पाठवला. कुणाचा, कुठला, ते सांगण्यात अर्थ नाही. फोन उचलल्या उचलल्या त्याने विचारलं, “साहेब, कलर कोणता पाहिजे?” एवढ्या सहज तर शेवगावात साडीवालाही विचारत नाही. मग म्हणाला, “एकटं घेऊ नका, उदास होतं. जोडी घ्या.” जोडीची किंमत सांगितली. तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाच्या, नानाच्या गोठ्यात एक बरी गाय आली असती आणि वर कडबाही.

“आणायचं कसं?”

“काही नाही हो. अर्धे पैसे टाका, खाजगी बसने पाठवतो. ड्रायव्हर आपलाच आहे. चहापाण्याचं त्याला द्या.”

मी वह्या-पुस्तकं विकतो, त्यामुळे कागदाबद्दल मला जरा आपुलकी आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने 2018 साली नियम केले आहेत. दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे हवी आणि ते प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं हवं. मी म्हटलं, त्याचा फोटो पाठवा. अर्ध्या तासाने फोटो आला: गुमास्ता लायसन्स, त्याच्यावर लक्ष्मीचं कॅलेंडर, खाली एक कंटाळलेलं कासव. मी पुन्हा म्हटलं, हे नव्हे. शिवाय हे परदेशी जनावर इथे आलं कसं, कुठे जन्मलं, त्याचं काही बिल, पावती? तो दुखावला. “साहेब, तुम्हाला प्राणी पाहिजे का कागद?” 

मी जवळजवळ पैसे पाठवलेच होते. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, “मी हाताने दाबून बघितल्याशिवाय वांगं घेत नाही बाजारात. तुम्ही बसने जनावर मागवा.” मोबाईल खाली ठेवला. फेरेट कुठून घ्यावं याबद्दल आजवर अनेकांनी मला सल्ले दिले, पण इतका नेमका कुणी दिला नाही.

मग आली अमेरिका.

माझ्या मावसभावाचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि आई पुढच्या खोलीत स्पीकर लावून सगळ्या आळीला ऐकवते. चिऊने मध्येच तोंड घातलं, “दादा, तुमच्याकडं फेरेट कुठं मिळतं?”

तो हसायला लागला. “अगं, कॅलिफोर्नियात बंदी आहे त्याच्यावर. गंमत ऐक, इथं दुकानात फेरेटचा पिंजरा मिळतो, फेरेटचं खाणं मिळतं, झोपायला झोळी मिळते, गळ्यातला पट्टा मिळतो. फक्त फेरेट मिळत नाही. पाळलंच तर लपवून पाळतात. ते शेजारी नेवाड्यात मिळतं.”

रेंज नेहमीप्रमाणे आत-बाहेर करत होती. आईने फोन ठेवला आणि विजयी चेहऱ्याने म्हणाली, “ऐकलं का? इथं जग पालथं घालतोयस. नेवाशात मिळतंय!”

मी समजावायचा प्रयत्न केला. नेवाडा नावाचं राज्य आहे, वाळवंट आहे, अमेरिकेत आहे. पण आईला नेवासा दिसायला लागल्यावर नेवाडा कुठला दिसणार? “माउलींनी अख्खी ज्ञानेश्वरी जिथं सांगितली, तिथं एवढंसं जनावर मिळायचं नाही?” असं म्हणून तिने नेवाशाला आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. मामा सत्तरीचा आहे. बहिणीने सांगितलेलं काम तो आजही शाळकरी पोरासारखा पळत करतो. पुढची अर्धी सकाळ तो पैस खांबाच्या रस्त्यापासून बाजारपेठेपर्यंत ‘फेरेट आहे का’ विचारत हिंडला, असं नंतर कळलं. संध्याकाळी आईला त्याचा फोन: “अक्का, मिळालं! एकाच दुकानात होतं. दोन घेतले, एक जास्तीचं असू दे. एसटीत कंडक्टरकडं दिलंय.”

चिऊ रात्रभर झोपली नाही. सकाळी आम्ही दोघं स्टँडवर गेलो. कंडक्टरने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. पुडी जड होती आणि हलत नव्हती. चिऊचा चेहरा पांढराफटक. उघडून बघतो तर आत पितळी फेरूल, अर्धा इंची, दोन नग. नळजोडणीला मुख्य पाइपावर बसवतात ते.

चिऊ रडली. मी हसलो, म्हणून आणखी रडली. पण मामाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. फेरेट आणि पाइप यांचा संबंध त्याने जोडला तो काही अगदीच वावगा नव्हता. 1971 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बटाव्हियाला अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास करण्यासाठी एक प्रचंड यंत्र उभारलं जात होतं. आता त्या प्रयोगशाळेला फर्मीलॅब म्हणतात. शेकडो फूट लांबीच्या नळ्या, आतून स्वच्छ हव्यात, माणूस शिरणार नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी 35 डॉलरला एक फेरेट विकत घेतलं. नाव फेलिशिया. तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधायची, ती या टोकाने आत शिरून त्या टोकाने बाहेर यायची, आणि मग त्या दोरीने बोळा ओढून नळी पुसायची. मोठ्या वर्तुळाकार नळीत मात्र ती शिरायला तयार झाली नाही. अंधार आणि लांबी पाहून तिने सरळ नकार दिला. पुढे माणसांनी त्या कामासाठी यंत्र बनवलं आणि फेलिशिया रिकामी झाली. ही गोष्ट मी मढीच्या व्यापाऱ्याला सांगायला हवी होती. काम काय करतंय म्हणे!

तर कुठून आणायचं याचं उत्तर मिळत नव्हतं, पण चिऊने एव्हाना पिंजरा बनवायला लावला होता. नेवासा रोडच्या वेल्डरकडे माप द्यायला गेलो. त्याने विचारलं, “बिबट्यासाठी का?” आमच्या जिल्ह्यात उसामुळे पिंजरा म्हटलं की माणसाला आधी बिबट्याच आठवतो. “मग शेळी बांधायला मागं कप्पा ठिवू का?” मी म्हटलं, उलटं आहे, गजांमधली फट जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेव. ज्या फटीतून डोकं जातं त्या फटीतून अख्खं फेरेट जातं. नावच मुळी लॅटिनमधल्या ‘छोटा चोर’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं. मोजे, किल्ल्या, चमचे उचलून सोफ्याखाली साठवतं. वेल्डर म्हणाला, मग शिंगणापूरच्या माणसानं पाळावं, तिथं चोर टिकत नाही. शेवटी त्याने बारीक जाळी मारून, आतून दोन मजले करून, वर झोळी अडकवायला आकडे लावून असा पिंजरा दिला, की चिऊ म्हणाली यात मीच राहते.

पिंजरा झाल्यावर मला सुचलं, की आजारी पडलं तर काय करायचं ते विचारावं. हे आधी सुचायला हवं होतं, हे बायकोने सांगितलं. मीही मान्य करतो. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आमचे चांगले ओळखीचे. लम्पीच्या साथीत या माणसाने गोठ्यागोठ्यात जाऊन रात्री काढल्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“नर का मादी?”

“जोडी.”

“मादी माजावर आली की?”

मला वाटलं, तो त्यांचा खासगी प्रश्न आहे. तसं नव्हतं. फेरेटची मादी माजावर आली आणि नर भेटला नाही, तर माज आपोआप उतरत नाही. महिना महिना तसाच राहतो, अंगातलं रक्त बनायचं थांबतं आणि ती मरते. म्हणून परदेशात पिल्लू विकण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून टाकतात. तिकडच्या एका मोठ्या फार्मची पिल्लं तर कानावर दोन ठिपके गोंदूनच येतात.

“गाय माजावर आली तर मी कांडी भरून मोकळा होतो,” डॉक्टर म्हणाले. “हिला मी काय भरू? आणि भूल किती द्यायची? माझ्या हाताला 400 किलोची सवय.” मग त्यांनी टेबलावरचा जनावरांच्या कानात मारायचा 12 आकडी पिवळा बिल्ला उचलला. “हा कुठं मारू? कान तर मेथीच्या पानाएवढा.”

कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर ते बहुतेक वाचतच नाही, आणि आमच्या गल्लीत रात्री दहानंतर माणसांपेक्षा कुत्री जास्त. शिवाय माणसाचा फ्लू त्याला लागतो आणि त्याचा माणसाला. लंडनमध्ये 1933 साली माणसाच्या फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांनी पकडला तो फेरेटांच्याच मदतीने. पुढे तिथलं एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि संशोधक अंथरुणाला खिळले. आईच्या दम्याचा विचार माझ्या मनात आला. मी काही बोललो नाही. 

“आणि उन्हाळा?” डॉक्टर म्हणाले. “तिसाच्या वर पारा गेला की त्याला ऊन लागतं. घाम येत नाही त्याला. आपल्याकडं मार्चमध्येच सकाळी दहाला तीस होतात.”

“मग?”

“मग एसी. चोवीस तास. आणि लाइट गेली की इन्व्हर्टर.”

मी घरी गेलो. आई, बायको, चिऊ आणि मी कूलरसमोर भांडून जागा पकडून झोपतो. वरच्या खोलीत एसीत फेरेटची जोडी झोळीत झोपली आहे आणि खाली मी आईला विंझणवारा घालतो आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. चित्र वाईट नव्हतं. फक्त विजेचं बिल दिसत होतं.

या सगळ्यात नाना घोटणहून एकदा चक्कर मारून गेला. त्याचा ऊस आहे. त्याने एवढंच विचारलं, “उंदीर मारतंय का? मग उसात सोडू की दहा-वीस.” मी त्याला खाली बसवलं. कारण ही कल्पना नानाच्या आधी फार मोठ्या लोकांना सुचलेली आहे. न्यूझीलंडमध्ये साहेबाने आधी ससे नेले, ससे वाढले म्हणून 1880 च्या दशकात फेरेट सोडली. फेरेटने ससे खाल्ले आणि शिवाय तिथले न उडणारे पक्षीही खाल्ले. आता तिकडे फेरेट विकायलाच बंदी आहे. आणि नानासारखाच ऊसवाला जमैकातही होता. त्याच्या उसात उंदीर झाले तेव्हा त्याने 1872 साली आपल्या कलकत्त्याहून नऊ मुंगसं बोटीने नेली. त्यांची प्रजा पुढे 1883 साली हवाईच्या उसात पोचली. मुंगूस हिंडतं दिवसा, उंदीर निघतो रात्री. दोघांची गाठ पडली नाही तेव्हा मुंगसांनी पक्ष्यांची अंडी खाल्ली. आज हवाईत फेरेट पाळायला बंदी आहे, कारण म्हणे पक्ष्यांना धोका. आणि रस्त्याने आपली मुंगसं हिंडतायत.

“मुंगूस माझ्या बांधावर हायेच,” नाना म्हणाला. “त्याला काय पगार नाही.”

मुंगूस आमच्याही मागच्या दारी आहे. परसात चुलीसाठी पऱ्हाट्या रचलेल्या आहेत, त्यांच्याखाली. लहानपणी ते दिसलं, की आम्ही त्याला रामाची शपथ घालायचो, म्हणजे ते मागे वळून तोंड दाखवतं. दाखवायचंही. बायको म्हणाली, “तेच धरा. फुकट आहे, इथलं आहे, उन्हाला सरावलेलं आहे.” मी तिला कायदा सांगितला: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा, तुरुंग आहे. हे मला माहीत असायचं कारण फेरेट नव्हे, माझं दुकान. रंगकामाचे चांगले ब्रश पूर्वी मुंगसाच्या केसांचे यायचे. एका ब्रशापायी किती मुंगसं मारली जातात हे कळल्यावर मी नायलॉनचे ठेवायला लागलो. चित्रकलेचे सर अजून कुरकुरतात.

म्हणजे हिशेब असा झाला. जे जनावर इथे राहू शकतं ते पाळता येत नाही. जे पाळता येतं ते इथे राहू शकत नाही. आणि जे कॅलिफोर्नियात बंद आहे ते नेवाशात मिळतं, पण पितळेचं.

चिऊशी मी एप्रिलच्या पहिल्या रविवारी बोललो. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. ती म्हणाली, “पप्पा, त्याला इथं त्रासच झाला असता ना?” मी हो म्हटलं. मग ती मागच्या दारी गेली. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला. ती पऱ्हाट्यांसमोर उकिडवी बसून कुणाला तरी रामाची शपथ घालत होती. ते बाहेर आलं, थांबलं, वळून बघितलं आणि आत गेलं. आता ती त्याला फेरेट म्हणते. आळीतली पोरंही म्हणतात. परवा ग्रामीण रुग्णालयातून रिटायर झालेल्या शेजारच्या मावशी आईला सांगत होत्या, “सकाळी सकाळी तुमचं फेरेट दिसलं हो, दिवस चांगला जाणार.”

दोन फेरूलांपैकी एक आमच्या नळाला बसवलं आहे. प्लंबर म्हणाला, माल चांगला आहे, कुठून आणला? आई म्हणाली, नेवाशात मिळतो.

राहिला पिंजरा. दोन मजली, बारीक जाळीचा. मेमध्ये बायकोने तो गच्चीवर नेला, खालच्या मजल्यावर कुरडया घातल्या आणि वरच्या मजल्यावर उडदाचे पापड. झोळीच्या आकड्यांना सांडगी मिरच्यांच्या माळा. गेल्या वर्षी अर्धं वाळवण चिमण्या आणि खारींनी नेलं होतं. यंदा एक कुरडई गेली नाही. वेल्डरकडे तसल्याच पिंजऱ्यांच्या चार ऑर्डरी आल्या आहेत आणि तो त्याला फेरेटचा पिंजरा असंच म्हणतो. आमचा विकणार का, हे विचारायला दोघंजण घरी येऊन गेले. त्यांना आणि आता इतरांनाही सांगून ठेवतो: सांडगे घालायचे राहिलेत. पाऊस पडल्यावर या.